क्रेनखालची खुर्ची

पोलाद कारखान्यात क्रेनची साखळी तुटली आणि कचरू मिसाळचा पाय गेला. मालकांनी तीच साखळी सांधून काम पुन्हा सुरू केलं. क्रेन बंद करा, म्हणून कचरू कोर्टात गेला.

मालक ऐटीत म्हणाले, "साहेब, चूक कचरूचीच. त्या क्रेनखाली माणूस या कोर्टाइतकाच सुरक्षित आहे!"

कचरूची वकील शर्वरी डोईफोडे शांतपणे उठली. "मग पुढची सुनावणी तिथेच घ्या, साहेब. वर पोलादाची तुळई टांगलेली असू दे आणि खाली मालकांची खुर्ची."

"चालेल," न्यायाधीश म्हणाले.

मालक ताडकन उठले. "नको, नको! मला बायकामुलं आहेत!"



"कामगारांनाही आहेत," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी क्रेन बंद करण्याचा हुकूम दिला.