पारूचं नाक आणि रंगनाथचं विमान

एका गावात एक भोळा जावई होता, रंगनाथ नावाचा. त्याची बायको पारू. तिने माहेरी एकदा सांगून टाकलं होतं, की आमचे हे यंत्रात भारी हुशार आहेत. बंद पंख्याला नुसता हात लावला आणि पंखा फिरायला लागला. वीज त्याच क्षणी आली होती, एवढी बारीकशी गोष्ट सांगायची ती विसरली.

थोरल्या बहिणीचा नवरा इंजिनियर. माहेरी सकाळ-संध्याकाळ त्याचीच आरती. म्हणून अधिक महिना आला तसं सासऱ्यांनी फोमचं एक खेळण्यातलं विमान पाठवलं आणि निरोप दिला, की हे हाताने फेकायचं आहे, याला रेडिओ कंट्रोल बसवा आणि जेवायला आलात की सगळ्यांसमोर उडवून दाखवा. विमान उडालं नाही, तर पारूला माहेरी तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

रंगनाथने निरोप नीट ऐकला. रेडिओ घरात होताच, वडिलांच्या वेळचा. आणि रेशनच्या दुकानाला गावात अजून कंट्रोलच म्हणतात. पिशवी घेऊन तो कंट्रोलवर गेला, अंगठा लावून गहू घेऊन आला. रेडिओ विमानाच्या पाठीवर बांधला, पोटात मावतील तेवढे कंट्रोलचे गहू भरले आणि गच्चीवरून विमान सोडून दिलं. खाली पोचेपर्यंत रेडिओने कांद्याचे बाजारभाव सांगितले.

पारूने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, विमान हलकं हवं. जड असेल ते काढून टाकायचं."

"असं होय! आता लक्षात ठेवतो."

आणि त्याने ठेवलं. हीच तर खरी अडचण होती.

पारू स्वतः तालुक्याला जाऊन मोटर, बॅटरी आणि रिमोट घेऊन आली. रंगनाथने एकेक वस्तू हातात तोलून पाहिली. सगळ्यांत जड निघाली बॅटरी. ती त्याने उकिरड्यावर टाकली. मोटर हू की चू करेना. पारूने उकिरडा उपसून बॅटरी शोधली आणि नवऱ्याला समजावलं, की जड वस्तू फेकायची नसते, ती विमानाच्या नाकात घट्ट बसवायची असते.

"असं होय! आता लक्षात ठेवतो."

बाकीचं सगळं पारूनेच जोडलं. रंगनाथने डिंकाची बाटली धरली आणि सांडली.

निघायच्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला, की विमान घेऊन धोंड्याला या. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, त्याला धोंडा म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रंगनाथ शेंबडा नव्हता. त्याने ओढ्यातून लिंबाएवढा धोंडा आणला. धोंडा जड, आणि जड वस्तू नाकात. वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि पारूला काही बोलला नाही. तिला आधीच किती व्याप!

सासरी अनारसे झाले, जेवणं झाली, सगळे अंगणात जमले. थोरले जावई चहाचा कप घेऊन गंमत बघायला बसले. पारू नवऱ्याच्या कानाशी लागली. "आता काहीही करा, पण माझं नाक राखा."

"असं होय! आता लक्षात ठेवतो."

विमान सुटलं आणि चक्क उडालं. अशा विमानाचं नाक थोडं जड लागतं, हे थोरल्या जावयांना माहीत होतं. रंगनाथला नव्हतं, आणि धोंड्याला तर मुळीच नव्हतं. विमान चिंचेला वळसा घालून झोकात वर गेलं. थोरल्या जावयांचा चहा निवला. सासरे शाब्बास म्हणाले. पारूला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

मग विमान फिरलं आणि थेट अंगणाकडे यायला लागलं. रिमोटची कांडी जराशी डावीकडे सरकवली असती, तर काम झालं असतं. पण रंगनाथला बायकोचे शब्द आठवले. त्याने रिमोट टाकला, धावत गेला आणि भर पाहुण्यांत दोन्ही हातांनी पारूचं नाक झाकून धरलं.

विमान तिच्या कानावरून गेलं आणि मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या नाकावर उतरलं, धोंड्यासकट.

सासऱ्यांना खाटेवर निजवलं. पारू रडत म्हणाली, "अहो, बाबांचं नाक फोडलंत तुम्ही."

"तू तर तुझंच राखायला सांगितलं होतंस," रंगनाथ म्हणाला. "त्यांचंही राखायचं होतं होय! आता लक्षात ठेवतो."