माहेरचं प्रवाळ आणि जावयाचा फोटो

एका बेटावर एक घड्याळजी आपल्या बायकोबरोबर राहत होता. त्या मुलखात घरोघरी काचेचा हौद असे. हौदात समुद्राचं पाणी, आणि पाण्यात प्रवाळ. मुलगी सासरी निघाली की आई आपल्या हौदातल्या प्रवाळाची एक फांदी तिच्याबरोबर देई. सासरी ती फांदी वाढली, की पोरीचं बरं चाललंय असं माहेरी समजत.

घड्याळजीच्या बायकोने आणलेली फांदी चांगली परातीएवढी पसरली होती. एक नारिंगी मासोळी तिच्या आडोशाला राहायला आली होती.

बायकोची आई पलीकडच्या बेटावर राहायची. गुडघे धरल्यामुळे तिला होडीत चढवत नसे. तिने ये-जा करणाऱ्या होडीच्या तांडेलाबरोबर निरोप धाडला, "माझं प्रवाळ केवढं झालंय, ते एकदा फोटोत तरी दाखवा."

"हात्तिच्या, एवढंच ना?" घड्याळजी म्हणाला. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा बसवणारा माणूस तो. फोटो काढणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं त्याला वाटलं.

हौदावर निळा दिवा होता. त्याच्या उजेडात प्रवाळ झकास दिसे, पण फोटोत मात्र शाई सांडल्यासारखं सगळं निळंच आलं. तो धाडला, पण सासूबाईंना काही कळला नाही. मग घड्याळजीने फ्लॅश मारून दुसरा काढला आणि न बघताच धाडून दिला. काचेत त्याचीच छबी उमटली होती.

तांडेल परत आला तो हसू दाबतच. "म्हातारी म्हणते, जावईबापूंची मिशी ओळखली, प्रवाळ कुठंय?" मग त्याचं हसू मावळलं. "पण खरं सांगू का, तिनं जेवण टाकलंय. प्रवाळ मेलंय, लेकीचं काही बरं नाही, आणि सगळे मिळून माझ्यापासून लपवतायत, असं धरून बसलीय. आज दिवस मावळायच्या आत होडी सुटंल. धड फोटो द्या बाबा."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळजीची मात्र आता खोड मोडली होती. त्याने काच आतून-बाहेरून पुसली, निळा दिवा काढून पांढरा लावला, खिडक्या लावून घेतल्या आणि कॅमेरा काचेला अगदी सरळ टेकवला. सगळं जमलं, पण प्रवाळाची मऊ बोटं पाण्याबरोबर डुलायची आणि फोटो हलायचा.

घड्याळ दुरुस्त करायचं तर आधी ते थांबवावं लागतं. घड्याळजीला तेवढंच ठाऊक. त्याने हौदातलं पाणी खेळतं ठेवणारी फिरकी बंद केली.

पाणी संथ झालं. त्याला हवा तसा फोटो मिळेना, म्हणून तो काढतच राहिला, काढतच राहिला. शेवटी एक फोटो असा आला, की त्यात खडकावरचा कण अन् कण मोजून घ्यावा. तो आनंदाने ओरडला, "अगं, ये लवकर! बघ किती स्वच्छ आलाय!"

बायको धावत आली. तिने फोटोकडे पाहिलं, मग हौदाकडे पाहिलं, आणि तिचा चेहराच उतरला. प्रवाळाने सगळी बोटं आत ओढून घेतली होती. उरला होता नुसता करडा दगड. मासोळी वर येऊन हौदाच्या तोंडाशी धापा टाकत होती.

"अहो, फोटो स्वच्छ आलाय," ती म्हणाली, "पण हा बघून आई काय समजेल?"

बाहेरून तांडेलाची हाक आली. होडी सुटायला आली होती. हातात आयुष्यातला सगळ्यात नितळ फोटो, आणि दुसरा काढायला वेळ मिळेल की नाही, देव जाणे. घड्याळजी क्षणभर घुटमळला. मग त्याने तो फोटो बाजूला टाकला आणि फिरकी सुरू केली.

"थांब रे भाऊ थोडा!" बायकोने तांडेलाला विनवलं.

"थांबतो, पण भरती माझ्यासाठी थांबायची नाही," तो म्हणाला आणि उंबऱ्यात टेकला.

दोघं हौदापाशी बसून राहिली. मासोळी हळूच खाली आली. मग प्रवाळाचं एक बोट बाहेर आलं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळी फांदी फुलून डोलायला लागली. बायको रडता रडता हसली. घड्याळजीने श्वास रोखला, पाण्याच्या दोन झोक्यांमधली उसंत साधली आणि एकच फोटो काढला. तो घेऊन तांडेल पळाला.

फोटोत एका कडेचं बोट जरासं हललेलं होतं. घड्याळजीला ते रात्रभर डाचत राहिलं.

पुढच्या फेरीला तांडेल आला तो लांबूनच हात हलवत.

"काय म्हणाल्या सासूबाई?" घड्याळजीने धास्तावून विचारलं.

"त्या हललेल्या बोटावर बोट ठेवून म्हणाली, हे बघ, हलतंय! माझी लेक मजेत आहे. आणि मग माझ्यासमोर भाकरी मागून घेतली."

इतकं हलकं घड्याळजीला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तात्पर्य: ज्याचा फोटो काढायचा, त्याला आधी सुखाने श्वास घेऊ द्यावा, नितळपणाच्या हौसेपायी जीव घुसमटवू नये.