वाऱ्याचा वाटा

एकदा एका वाळूच्या देशात एक वृद्ध राहत होता आणि त्याच्याजवळ एक शिष्य होता. वृद्ध फार कमी बोलत असे. ती कसर शिष्य भरून काढी. शिष्य काळ्या मातीच्या मुलखातला, चार ग्रंथ वाचून आलेला. चार ग्रंथ वाचलेल्या माणसाला गप्प बसवणं किती अवघड असतं, ते तुमच्या घरात असा कुणी असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे. आणि नसेल, तर तो तुम्हीच.

तिथली जमीन मुळात तिथली नव्हतीच. वाऱ्याने कुठून कुठून उचलून आणलेली वाळू साचत साचत तिची टेकाडं झालेली. त्यांच्यावर ठोंबाठोंबांनी वाढणारं राठ गवत, त्या गवतावर जगणाऱ्या मेंढ्या, आणि मेंढ्यांवर जगणारी माणसं. अशा ठिकाणी राहावंच कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. तुम्ही जिथे राहता तिथे का राहता, ते आधी सांगा, मग बोलू.

सगळ्यांत मोठ्या टेकाडाच्या आडोशाला वस्ती होती आणि वस्तीत गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. टेकाडाची जी बाजू वाऱ्याच्या तोंडी येई, तिथलं गवत कुणी चारत नसे. त्याला म्हणत वाऱ्याचा वाटा. मेंढरू तिकडे वळलं की राखणारा हाळी देऊन माघारी फिरवी. कुंपण नव्हतं, पहारा नव्हता. तो वाटा खुला करण्याचा अधिकार फक्त वृद्धाला, आणि त्याने तो आजवर कधी वापरला नव्हता.

मग एक वर्ष पाऊस आलाच नाही. पुढच्या वर्षी मुलगी बघायला आल्यासारखे ढग आले, पोहे खाऊन गेले आणि निरोप काही धाडला नाही. आडोशाचं गवत संपलं. नेमक्या त्याच वेळी म्हाकू नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्या व्याल्या. चारा नाही म्हणून कासेत दूध नाही, आणि दूध नाही म्हणून कोकरं पायांवर उभी राहीनात. म्हाकूची बायको ठकू ओलं फडकं त्यांच्या तोंडात पिळी आणि बोटाने गळा चोळी. एका सकाळी दोघं नवराबायको कोकरं उचलून, कळप हाकत वृद्धाच्या दारी आली.

"बाबा, वाऱ्याचा वाटा खुला करा," म्हाकू म्हणाला. "थोड्याच दिसांचं काम. आयांना दूध सुटलं की मेंढरं मागं घेतो. आईची आण."

वृद्धाने तोंड उघडण्याआधी शिष्याने उघडलं. "बंधो, त्यागावाचून लोकधारणा नाही. जो आजच्या क्षुधेसाठी उद्याच्या कल्याणाचा विक्रय करतो, तो..."

"ह्यांचं काय म्हणणं हाय?" ठकूने नवऱ्याला विचारलं.

"कोकरं मरू द्या म्हणत्यात."

"मग येवढं लांबण कशापायी?"

शिष्याचा चेहरा पडला. वृद्धाने कोकरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा म्हाकू. मेंढरं चार."

एवढं बोलून तो उठला, झोपडीच्या मागे गेला आणि छपराचे दोर सोडू लागला. पेंढ्या खाली पडू लागल्या. कळप चार पावलं गेला असेल नसेल, म्हाकू थांबला.

"बाबा, ह्ये काय?"

"छप्पर उतरवतोय."

"त्ये दिसतंय की. पन का?"

"वाळूखाली गेल्यावर उतरवता येत नाही."

"रागावला व्हय?"

"नाही रे बाबा. तुझ्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं. तू चार, मी आवरतो. विहिरीचा दोरही काढून घेतो. पुढं कुठं पाणी लागलं तर कामाला येईल."

शिष्याला वाटलं, म्हाताऱ्याला उन्हाने घेरलं. तो म्हणाला, "गुरुदेव, एवढं टोक कशाला? गवतच आहे, पावसाने पुन्हा येईल. आमच्याकडे येतं." मघाशी त्याग सांगणारा तो हाच. ग्रंथांचं मृदंगासारखं असतं, दोन्ही बाजूंनी वाजतात.

वृद्धाने हातातला वासा खाली ठेवला. "तुमच्याकडची माती जागची असते," तो म्हणाला. "गवत खाल्लं तरी ती पडून राहते, पावसाची वाट बघते. ही वाळू वाट बघत नाही. हिला वाऱ्याने आणलं आणि तो अजून रोज हिला हाक मारतो. त्या बाजूच्या गवताने धरून ठेवलीय म्हणून ती बसलीय. भुकेलं मेंढरू ते गवत मुळासकट उपटणार. मग टेकाड उठेल आणि पहिलं पाऊल विहिरीत टाकेल. म्हाकूला हे तुझ्यामाझ्याहून जास्त कळतं. कळत नाही म्हणून तो मागत नाही. डोळ्यांदेखत कोकरं मरतायत म्हणून मागतोय. त्याला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? आणि हो म्हटल्यावर इथं राहू कशाला?"

मेंढ्यांना वरच्या गवताचा वास लागला होता, त्या माना ताणून ओढ घेत होत्या. ठकूने झोपडीच्या उघड्या फासळ्यांकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहिलं. तिथे वस्तीतल्या बाया घागरी भरत होत्या, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने पुढच्या मेंढीचा कान धरला आणि तिला माघारी फिरवलं.

"ठके, कोकरं..." म्हाकू म्हणाला.

"मला दिसत्यात," ती म्हणाली. "चल."

कोकरं मेली. एखाददुसरं राहिलं, त्याला जगलं म्हणायचं इतकंच. पुढे सोसाट्याचे दिवस आले, आकाश पिवळं झालं, कडेची लहान टेकाडं उठून चालू लागली. मोठं टेकाड मात्र हललं नाही. विहीर राहिली, वस्ती राहिली.

पण ते नंतरचं. पहिली कोकरं त्याच दुपारी गेली, आणि शिष्य मात्र मोठ्या उत्साहात होता. "गुरुदेव, काय हा उपदेश! 'त्याग' हा शब्दही न उच्चारता आपण तिच्याकडून तो घडवलात! हा प्रसंग मी सर्वांना सांगेन." डोक्यात त्याने दृष्टांत जुळवायलाही घेतला होता. अशी माणसं तुम्हाला भेटली असतील. काही तर वर्तमानपत्रात लिहितात.

वृद्धाने त्याच्या हातात फावडं दिलं. "चल."

म्हाकूच्या मेंढवाड्यामागे शिष्य खड्डा खणू लागला. कोरड्या वाळूत खड्डा टिकत नाही. एक फावडं बाहेर काढावं तर कडेची वाळू घसरून तेवढीच आत येते. तो खणत राहिला, वाळू येत राहिली. ठकू एकेक कोकरू ओटीत घालून आणी, खाली ठेवी आणि सांगे, "ह्ये ढवळीचं." मग परत जाई. "ह्ये बांडीचं, पयलंच वेत हुतं तिचं." वाड्यात आया बें बें करत होत्या. म्हाकू पाठ करून बसला होता.

"तिने वस्ती राखली," वृद्ध हळूच म्हणाला, "स्वतःच्या ओटीतून. मी काय दिलं? छप्पर उतरवलं, ते संध्याकाळी पुन्हा चढवीन. तू काय दिलंस, ते तू बघ."

शिष्याच्या जिभेवर ग्रंथातलं एक सुंदर वचन आलं होतं. ते त्याने गिळलं. ठकू पुन्हा आली तेव्हा त्याने मान वर न करताच विचारलं,

"अजून हायेत का?"

"हायेत," ती म्हणाली.

त्याने खड्डा रुंद करायला घेतला.

कुणाला त्याग समजावायला निघाल, तर घरून फावडं घेऊन निघा.