लाटेचा निवाडा

फार पूर्वी एका किनाऱ्यावर खेकडे शिंपल्यांची भिंत रचत. आधीच्या शिंपल्याच्या खाचेत नेमका बसणारा शिंपला जो आणी, त्याला भिंतीआडचं एक बीळ मिळे. दोघांनी एकदम आणला, तर ज्याची हाक आधी कानी पडे, तो जिंके.

शेवरी कुर्लीला अजून बीळ नव्हतं. भरतीच्या धास्तीनं ती रात्र रात्र जागी राही. एकदा तिला नेमका बसणारा शिंपला सापडला. तिनं हाक दिली, तोच डेंगोजी खेकड्यानं आपला शिंपला बाहेर काढला. त्याला तो केव्हाच सापडला होता, पण त्याच्या खाचेत बसणारा पुढचा शिंपला एकट्यालाच निवांत शोधता यावा म्हणून त्यानं दडवला होता. जागोजाग बसलेले त्याचे भाऊबंद लगेच सगळ्यांच्या कानाशी ओरडले, "आधी डेंगोजी!"

"अहो, पण..." शेवरी चाचरली.

"पण काय? घसा नाही तुला?" डेंगोजी हसला.

काठावर बसून हे बघणारी कासवमावशी म्हणाली, "थांबा रे. बरोबरी झाली की दोन्ही शिंपले पाण्याकाठी ठेवत जा. लाट ज्याला आधी उलटवेल, तो बाद. लाटेला कुणी भाऊबंद नाहीत."

सगळ्यांना पटलं. दोन्ही शिंपले पाण्याकाठी ठेवले. शेवरीनं डोळे गच्च मिटले. लाट आली, गेली.

"अगं, बघ तरी! डेंगोजीचा उलटलाय," मावशी म्हणाली.

शेवरी बिळात शिरली आणि किती दिवसांनी निर्धास्त झोपली. सकाळी बाहेर धावपळ ऐकून ती दचकलीच. डोकावली, तर डेंगोजी नवा शिंपला उचलून धापा टाकत येत होता.

"बाजूला हो पोरी, दडवून आता भागत नाही; दुसरं कुणी आणायच्या आत पोचू दे!"