यादीत नसलेलं कार्ड

वेखंडपूरच्या महाराजांचा लॅपटॉप हट्टाला पेटला होता, आणि महाराज त्याहून जास्त!

लॅपटॉप चौदा वर्षांचा, थोरल्या महाराजांच्या वापरातला. त्याचं वायफायचं कार्ड जळलं. राजतंत्रज्ञ धुंडिराजपंतांनी नवं कोरं कार्ड आत बसवलं, तर पडद्यावर उमटलं, ‘हे कार्ड माझ्या यादीत नाही. काढा, तरच सुरू होईन!’ कारखान्यातूनच त्याच्या पोटात यादी भरलेली, आणि यादीतली कार्डं बाजारातून कधीच नाहीशी झालेली. पंतांनी बाहेरून खोचायचं चिमुकलं यंत्र आणलं, तर महाराज कडाडले, “आमच्या लॅपटॉपला चामखीळ नको! हाच लॅपटॉप, हेच कार्ड, आणि तेही आतच!”

जुन्या वस्तूवर जीव जडलेलं गिऱ्हाईक दिसलं की शहाणा दुकानदार फळ्या लावून जेवायला निघून जातो. पण हौसा तांबट जाणार कुठे? तिचं मोबाइल-रेडिओ दुरुस्तीचं दुकान महाराजांच्याच कमानीखाली! ती जागा पंतांना मेव्हण्याच्या रसवंतीसाठी हवी होती. त्यांनी महाराजांच्या कानाला लागून हुकूम काढवला: हौसाने उद्या दुपारच्या पंगतीआधी लॅपटॉप वायफायला जोडून द्यावा, नाहीतर दुकान उचलावं!

सकाळी सातला हौसा पेचकस घेऊन राजवाड्याच्या दारात हजर. द्वारपाल दौलतीकाकांनी दार उघडलं, यादी उलगडली, रांगेतल्या एकेकाला नाव पुकारून आत सोडलं आणि हिला अडवलं.

“नाव नाही.”

“अहो काका, महाराजांनीच बोलावलंय!”

“महाराज स्वतः आले तरी आधी यादीत बघणार!”

हौसा बाजूला झाली. काकांनी यादी गुंडाळून पागोट्यात खोचली, स्टुलावर बसून तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात फुलवाली आत गेली. गवळी गेला. मागून एक शेळीही गेली!

“काका, यांना कसं नाही अडवलं?”

“यादी दार उघडताना वाचायची. वाचली, गुंडाळली, माझं काम संपलं. आता उद्या दार उघडेन तेव्हा!”

हौसाने पागोट्यातल्या यादीकडे एकदा नीट पाहिलं. मग शेळीच्या मागोमाग आत गेली.

“आलीस? दुकान आवरून ठेवलंस ना?” महाराजांशेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या पंतांनी विचारलं.

“मेव्हण्यांना सांगा पंत, ऊस एवढ्यात तोडू नका!”

तिने नवं कार्ड काढून ठेवलं आणि लॅपटॉप चालू केला. परका कुणी न दिसल्यामुळे तो गुमान सुरू झाला.

“हे तर कुणीही करेल!” पंत फिस्कारले.

हौसाने कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर चढवलं. मग लॅपटॉप बंद न करता नुसता झोपवला. दिवा मंद लुकलुकत होता, म्हणजे आत वीज जागी होती. पेचकस जरा घसरला असता तर लॅपटॉपही गेला असता आणि दुकानही! श्वास रोखून तिने खालचं झाकण उघडलं, कार्ड खोचलं, झाकण लावलं आणि लॅपटॉपला जागं केलं.

लॅपटॉप चकार शब्द बोलला नाही! दोन कळा दाबताच वायफाय लागलं. महाराजांनी सगळा राज्यकारभार सोडून आधी एडक्यांच्या टकरींचा व्हिडिओ लावला.

“फसवणूक!” पंत ओरडले. “बंद करून चालू केला की पुन्हा अडेल, महाराज!”

“अडेलच!” हौसा म्हणाली. “म्हणून बंद करायचाच नाही. काम झालं की झोपवायचा. दार लावलंच नाही, तर उघडताना यादी वाचणार कोण?”

महाराजांनी भुवई चढवली. “ही विद्या कुठे शिकलीस?”

“आज सकाळी, तुमच्याच दारात! माझंही नाव यादीत नव्हतं, महाराज. दौलतीकाकांनी यादी गुंडाळली आणि मी शेळीबरोबर आले.”

“शेळीही आत आहे?” महाराजांनी विचारलं. तेवढ्यात पंतांच्या आसनामागून “ब्यां!” ऐकू आलं.

महाराज पोट धरून हसले. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी हौसाला दिलं, कमानीखालची जागा कायमची तिच्या नावे केली आणि गरजले, “दौलती! उद्यापासून हिचं नाव यादीत सगळ्यात वर!”

“नको महाराज!” हौसाने हात जोडले. “यादीतल्यांना सातला रांग लावावी लागते. मी आपली नऊला येत जाईन!”