दातेरी तबकड्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही.

तिथे दोन कारागिरांनी चित्रदिवे शोधून काढले. समोर घडलेला प्रसंग काचेच्या तबकडीवर उतरवून घ्यायचा; ती दिव्यात बसवून दांडी फिरवली, की भिंतीवर माणसं हलूचालू लागत. इतकी स्पष्ट, की नथीतले मोती मोजून घ्यावेत. पण एकाच्या तबकडीला मधोमध भोक, तर दुसऱ्याची कडेने दातेरी. एकाची दुसऱ्याच्या दिव्यात बसेल तर शपथ!

एका गावात म्हातारा रंगारी होता. बायको केव्हाच गेलेली, एकुलती एक मुलगी तीन दिवसांच्या वाटेवर सासरी. आई नसलेल्या माहेरी तिला पाठवणार कोण? रंगाऱ्याला घर खायला उठे. त्याने दुभती गाय देऊन भोकाच्या तबकडीचा दिवा आणला. "रंग पारखावा तर आम्हीच," तो पारावर सांगत सुटला. "दातेरी दिव्यात हळद आणि केशर सारखंच दिसतं. तो आंधळ्यांनी घ्यावा."

आणि मुलीच्या गावाने नेमका दातेरीच घेतला.

तिला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं रंगाऱ्याला बारसं उरकल्यावर पोचलं. पाठोपाठ बारशाची तबकडी आली, सोबत निरोप: "बाबा, हे पाहा आणि लगेच या." तबकडी दातेरी! रंगारी हिरमुसला.

शेजारची तेलीण म्हणाली, "दादा, माझ्याकडे आहे की दातेरी दिवा. या, पाहा."

पण पारावर तसं बोलून बसलेला माणूस तिच्या ओट्यावर कुठल्या तोंडाने जाणार? "आमच्या डोळ्यांना तो उजेड सोसत नाही," म्हणाला आणि घरी येऊन एकटाच जेवला. मुलीकडे तसंच जावं, तर "पाहिलंत का, बाबा?" असं तिने विचारल्यावर सांगायचं काय? गेलाच नाही.

पुढे भोकवाल्या कारागिराने दुकान गुंडाळलं. दातेरी दिवे गावोगावचे तांबट घडवू लागले आणि दिवा गायीवरून शेळीवर उतरला. रंगारी मनात म्हणाला, 'एकदा फसलो. आता कोंबडीवर येऊ दे, मग घेऊ.' दुसरी तबकडी आली, काही वर्षांनी तिसरी. धुतल्या कापडात गुंडाळून त्याने त्या उशाशी ठेवल्या. कधी एखादी काढून उन्हात धरी. काही दिसत नसे.

आठव्या वर्षी दिवा कोंबडीवर आला. रंगाऱ्याने त्याच दिवशी आणला, दार लावून घेतलं आणि पहिली तबकडी चढवली.

पाळणा, बायका, घुगऱ्या. पंगतीत सगळ्यांच्या आधी एक पाट, भोवती रांगोळी, पाट रिकामा. मुलगी घडीघडी दाराकडे बघत होती. दुसऱ्या तबकडीत नात दुडुदुडु चालत होती आणि मागे तसाच एक रिकामा पाट. रंग असे, की खोट काढायला जागा नव्हती.

तिसऱ्या तबकडीत पाट मांडलेलाच नव्हता.

रंगारी धाय मोकलून रडला. मग अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. तिसऱ्या दिवशी मुलीच्या अंगणात पोचला, तेव्हा आठ वर्षांची पोर तिथे दोरीवरच्या उड्या मारत होती. त्याने हात पुढे केले. ती दोन पावलं मागे सरली आणि घरात तोंड करून ओरडली, "आई गं, कुणीतरी पाहुणे आलेत!"

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, थांबलं की वस्तू स्वस्त मिळते, पण वाट पाहायला लावलेलं माणूस परकं होतं.