कुंपणाबाहेरची बाळं

ही गोष्ट आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या काळची. दूर डोंगरांमध्ये एक राज्य होतं. तिथले लोक इतके श्रद्धाळू, की रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा हा उपासनाविधी सुरू झाला की गावात कुणी घरी सापडायचं नाही.

तिथल्या एका खेड्यात कातरिन नावाची गवळीण राहत होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगा झाला. पहाटे जन्मला आणि दुपार व्हायच्या आत गेला. बाप्तिस्मा देऊन धर्मात घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

नवऱ्याने बाळाला चादरीत गुंडाळून चर्चच्या दफनभूमीपाशी आणलं. मागोमाग भिंतीला धरत धरत ओली बाळंतीण कातरिनही आली. गाव जमलं.

धर्मगुरू फाटकात उभे राहिले. "बाप्तिस्मा झालेला नाही. त्याला आत जागा देता येणार नाही."

"फादर, अर्ध्या दिवसाचं लेकरू ते. त्याने कसलं पाप केलं?" कातरिनने विचारलं.

"मी काय करू, बाई? नियम आहे."

एवढं बोलून ते आत निघून गेले. गावकरी मान खाली घालून उभे राहिले. नवऱ्याने कुंपणाबाहेरच्या रानात खड्डा खणला.

पुढच्या रविवारी कातरिन मिस्साला गेली नाही. रानात जाऊन बसली. थोड्या वेळाने शेजारची म्हातारी आली आणि एका झुडपाकडे बोट दाखवून म्हणाली, "माझी पोर तिथं आहे. चाळीस वर्षं झाली. कुणापाशी बोलले नाही."

त्यानंतरच्या रविवारी आणखी तिघी आल्या. मग त्यांच्या सुना, लेकी, नवरे.

धर्मगुरूंनी प्रवचनातून नरकाची भीती घातली. बाकं आणखीच रिकामी झाली. ते काही दुष्ट नव्हते. पण माघार कशी घ्यायची, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

वीस वर्षांनी वरच्या धर्मगुरूंनी नियम बदलला. त्यांचं पत्र घेऊन गावचे धर्मगुरू लगबगीने कातरिनच्या गोठ्यात गेले.

"बाई, आता बाळाला आत आणता येईल!"

कातरिनने धार काढणं थांबवलं नाही. "काय आणू, फादर? माती? तेव्हा तुम्ही नियम मोडला नसता तरी चाललं असतं. नुसते त्या खड्ड्यापर्यंत माझ्यासोबत आला असतात, तर मी मिस्सा कधी चुकवला नसता."

"मग आता ये."

"आता प्रार्थनेचे शब्द आठवत नाहीत. आणि नंतर झालेल्या माझ्या पोरीला तर ते मी शिकवलेच नाहीत." देवाला सोडून तिलाही सुख लागलं नव्हतं.

धर्मगुरू वारले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. गावोगाव असंच होत गेलं. चर्चची बाकं लोकांनी सरपणाला नेली. कुणाच्या घरी मरण आलं, तर काय म्हणावं ते न सुचून माणसं मुकाट्याने माती लोटायची आणि एकेकटी घरी परतायची.

बोध इतकाच: रडणाऱ्या माणसाला नियम दाखवून परत पाठवणारा धर्म शेवटी माणसांनाच मुकतो.